द्वादशीचा खराटा

आषाढी एकादशीचं पंढरपूर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पहाटेची शासकीय महापूजा, मुख्यमंत्र्यांच्या शेजारी उभं असलेलं मानाचं वारकरी जोडपं, चंद्रभागेच्या पात्रात दिसणारी नुसती डोकीच डोकी. द्वादशीचं पंढरपूर मात्र कोणी दाखवत नाही. त्या दिवशी पारणं सुटतं, एसटी स्थानकावर रेटारेटी सुरू होते, वाहिन्यांच्या गाड्या पुण्याच्या रस्त्याला लागतात. लाखो माणसांच्या मुक्कामाचं जे मागे उरतं, ते उचलायला सफाई कामगार अंधारातच हजेरीला उभे राहतात. या आठवड्याचं सदर त्या हजेरीपटाविषयी आहे.

प्रदक्षिणा मार्गावर द्वादशीच्या सकाळी उभं राहून पाहावं. रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो. चिखलात भगरीचे द्रोण, केळीची सालं, चहाचे कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या, जोडी हरवलेल्या चपला, फुटलेल्या बुक्क्याच्या पुड्या. एक बाई खराट्यानं ढीग लावत होती, दुसरी घमेल्यात भरून गाडीपर्यंत नेत होती. हातमोजे दोघींत एकीलाच, तेही बोटांशी फाटलेले. ढिगातून तुळशीची माळ वर आली. बाईनं ती उचलली, पदराला पुसली, शेजारच्या ओट्यावर ठेवली आणि पुन्हा खराटा हातात घेतला.

“मावशी, दर्शन झालं का?”

“आत्ता कुठलं? पुनव होऊन जाऊ दे. गर्दी सरली म्हंजी जातो आमी निवांत.”

विठ्ठलाच्या गावातच राहणारी ही बाई त्याच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभी आहे, आणि तिची त्याबद्दल तक्रार नाही. तिची नाही म्हणून आपलीही नसावी, हे मला पटत नाही.

पंढरपुरात वारीच्या दिवसांत माणसांना माणसांचा मैला हातानं उचलावा लागणं, हे फार जुनं नाही. हाताने मैला उचलण्याविरुद्ध देशात १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरी पंढरपुरातल्या या कामाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. २०१४च्या सुमारास न्यायालयानं कान धरला तेव्हा कुठे शौचालयांची संख्या वाढली, नदीच्या वाळवंटात राहुट्या ठोकण्यावर निर्बंध आले, पलीकडच्या ६५ एकरांत वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय झाली. वाळवंटातली जागा जाणार म्हटल्यावर वारकरी संघटनांनी आवाज उठवला. परंपरेचा प्रश्न होता, कीर्तनाच्या जागेचा प्रश्न होता, त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं होतं. न्यायालयानंही काही दिवसांची मुभा दिली. पण हातानं मैला उचलणाऱ्या माणसांसाठी तेवढ्याच जोरानं टाळ वाजले, असं मला आठवत नाही. ती याचिका वारकऱ्यांच्या एखाद्या फडानं करायला हवी होती. ती सफाई कामगारांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांना करावी लागली.

वारीत जात नसते, हे वाक्य दर आषाढात ऐकू येतं. वाटेवर ते पुष्कळ खरंही असतं. अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या पायावर डोकं ठेवतो, त्याला माउली म्हणतो, न विचारता भाकरी पुढे करतो. साठी उलटलेली बाई शेजारणीच्या पायाला तेल लावते आणि तिचं गाव कुठलं हेसुद्धा विचारत नाही. एवढी मोठी माणुसकीची शाळा दुसरीकडे शोधून सापडायची नाही. म्हणूनच तिच्याकडून आणखी मागायचा हक्क आपल्याला आहे.

इरावती कर्वे वारीत पंढरपूरपर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी भजन एकत्र करतात आणि जेवायला वेगवेगळी बसतात, हे त्यांना सलत राहिलं. त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेली. पंगती बऱ्याच ठिकाणी एक झाल्या. पंगतीनंतरची खरकटी मात्र आजही ठरलेल्या हातांनीच उचलायची असतात.

संत चोखामेळा, आपले चोखोबा, यांचं काय झालं ते पाहा. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चाललेलं, भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण या घटनेला हरिकथेचा साज चढवतो, अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं असं सांगतो. कथेत श्रोता रडतो तो त्या ठिकाणी. मला त्याआधीच थांबावंसं वाटतं. महाराष्ट्राचा एक मोठा संत कामावरच्या अपघातात मेला. त्याची जात ठरवत होती की भिंत कोणी रचायची आणि भिंतीखाली कोणी उभं राहायचं.

आज भिंतीच्या जागी गटार आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १९९३ पासून गटारात आणि मलटाकीत गुदमरून मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये हीच रक्कम न्यायालयाला ३० लाखांवर न्यावी लागली, कारण दरम्यान माणसं उतरतच राहिली आणि मरतच राहिली. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार आणि मलटाकीच्या कामावरच्या ज्या कामगारांची नोंद झाली, त्यांतले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे असल्याचं २०२४ साली पुढे आलं. चोखोबांच्या समाधीवर बुक्का वाहणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा ठाऊक असला पाहिजे. समाधीच्या शेजारी फलक लावायला जागा आहे.

आता गाडगेबाबांकडे वळतो, कारण खराट्याविषयी बोलायचा अधिकार महाराष्ट्रात सगळ्यांत आधी त्यांचा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर, जात परीट, जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मडक्याचं खापर. जेवायचं त्यातच, डोक्यावर घालायचं तेही तेच. गावात शिरले की कोणाशी न बोलता झाडायला सुरुवात करायची. पाटलाच्या वाड्यापुढचा रस्ता, देवळासमोरचं आवार, गटाराचा काठ. संध्याकाळी कीर्तन. कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि लोकांकडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, नवसाला बकरं कापू नका, पोराला शाळेत घाला, पायावर डोकं ठेवू नका. पायाला हात लावायला येणाऱ्याला ते चक्क हाकलत. १९२३ साली एकुलता एक मुलगा गेल्याचा निरोप कीर्तन चालू असताना आला आणि बाबांनी कीर्तन पुरं केलं.

पण मला त्यांच्या चरित्रातली एक वास्तू फार मोठी वाटते. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. देऊळ बंद, मठ बंद, वाडे बंद. पोरंबाळं घेऊन ही माणसं आषाढातल्या पावसात उघड्यावर पडत. बाबांनी पैसा पैसा गोळा करून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. देवळाचं दार उघडणं त्यांच्या हातात नव्हतं. छप्पर घालणं होतं, ते त्यांनी केलं. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. संत म्हणून ज्याच्या पायावर अर्धा महाराष्ट्र लोटांगण घालायला तयार होता, त्यानं आपली पंढरपुरातली वास्तू शिक्षणासाठी, आणि तीही मूर्तिपूजा सोडून चाललेल्या नेत्याच्या हाती दिली. माझ्यावर श्रद्धा ठेव मग देतो, अशी अट त्यात नव्हती. कोणत्याही धर्मशाळेवर त्यांनी स्वतःचा वा घरच्यांचा हक्क ठेवला नाही. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आज आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला आलेली गोरगरीब माणसं आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. तिथे उतरणाऱ्याला माळ आहे का, कोणी विचारत नाही.

या बाबांचं आपण काय केलं? २०००-०१ मध्ये आर. आर. पाटलांनी त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अभियान चांगलं होतं, गावंच्या गावं खरोखर उजळून निघाली, लोकांनी श्रमदान केलं, हे मान्य करायला मला संकोच नाही. पण त्यानंतर भिंतीभिंतींवर बाबांचं जे चित्र आलं त्यात खराटा राहिला आणि चोखामेळा धर्मशाळा गळाली. कचरा दिसतो, तो उचलला की फोटो निघतो. जात झाडायला गेलं की गावात भांडण लागतं, म्हणून ते काम आपण बाबांबरोबरच १९५६ साली पुरून टाकलं. बाबा रस्ता झाडत ते रस्त्यासाठी, आणि त्याहून जास्त झाडणाऱ्या माणसासाठी. परटाच्या पोरानं आणि पाटलाच्या पोरानं एकाच खराट्याला हात लावावा म्हणून. हे वगळलं की उरतं ते स्वच्छतेचं पोस्टर.

१९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने ते गावोगाव फिरले. सेनापती बापट बरोबर होते, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक बरोबर होतं. विहिरी खुल्या करा, देवळं खुली करा, मग पंढरीचं दार आपोआप उघडेल, ही त्यांची भूमिका. १ मे रोजी उपोषण सुरू झालं, दहाव्या दिवशी सुटलं, विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं झालं. हे शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात कमी सांगतात ती गोष्ट अशी की गावात त्यांच्याविरुद्ध घोषणा चालल्या होत्या, आणि अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना बसायला जागा दिली. गावाचा रोष पत्करून दारं उघडी ठेवली. गांधीजींपर्यंत चुकीची माहिती गेली आणि उपोषण सोडा अशी त्यांची तार आली, तेव्हाही गुरुजी नम्रपणे नाही म्हणाले आणि त्याच मठात बसून राहिले. उपोषण करणं सगळ्यांना जमणार नाही. मठाची खोली उघडून देणं पुष्कळांना जमण्यासारखं आहे. आपल्याकडे उपोषण करणाऱ्याची जयंती होते. खोली देणाऱ्याचं नाव वारकऱ्यांच्या घराघरांत निघायला हवं.

आंबेडकरांची बाजू इथे विसरून चालणार नाही. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात त्यांनी सत्याग्रह सुरू केला, पाच वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पंढरपूरचं दार उघडलं तोवर त्यांनी त्या दाराकडे पाठ फिरवलेली होती. एवढं होऊनही १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. सोडून जाणाऱ्यानंही चोखोबांना बरोबर नेलं. आत राहिलेल्यांनी चोखोबांना पायरीशीच ठेवलं, याचा विचार आत राहिलेल्यांनी करायचा आहे.

विठ्ठलमंदिरात पुढे आणखी एक मोठी गोष्ट घडली. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. हे हक्क संपवणाऱ्या १९७३च्या कायद्याला चाळीस वर्षं कोर्टात अडकवून ठेवलेलं होतं, ते सुटलं. विठ्ठलाची पूजा आता कोणाच्या बापजाद्यांची मालमत्ता नाही. मंदिर समितीनं पुजाऱ्यांसाठी सर्व जातींतून आणि स्त्रियांतूनही अर्ज मागवले.

मग त्याच गावात खराटा मात्र बापाकडून मुलाकडे का जातो?

लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. या तरतुदीवर कित्येक कुटुंबं तगली आहेत, तिच्यावर कोणी हात उगारला तर मी त्या कुटुंबांच्या बाजूनं उभा राहीन. घाणीत राबलेल्या माणसाच्या घराला समाज एवढं तरी देणं लागतो. पण पदवी घेतलेला मुलगा बापाच्या जागी खराटा घेऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरं कोणतं दार आपण उघडलेलं असतं? आणि आता तर कायम नोकऱ्या घटत चालल्या, ठेकेदाराची माणसं आली. त्यांना वारसाहक्क नाही, आजारपणाची पगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी कागदावर असलाच तर असतो. गाभाऱ्यातली वंशपरंपरा मोडायला चाळीस वर्षं कोर्टात भांडण झालं. रस्त्यावरची वंशपरंपरा मोडा म्हणून कीर्तनाला उभा राहिलेला बुवा दाखवा.

ठरलेली चाल आपणहून सोडता येते, हे सांगायला मला इथे २९ जून २०२३ आठवतो. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरासह राज्यात अनेक गावांतल्या मुसलमानांनी बैठका घेतल्या आणि त्या दिवशी कुर्बानी करायची नाही असं आपणहून ठरवलं. त्यांच्यावर सक्ती करणारा कायदा नव्हता. शेजाऱ्याचा उपवास आहे, आपण एक दिवस थांबू, एवढाच विचार. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी होतो, तिथे आरती होते. ही वाट जुनी आहे. शेजाऱ्यानं सरकून जागा दिली. आता मोजायचं ते आपण कोणासाठी किती सरकलो ते.

त्याचं मोजमाप पंढरपुरात नको, तुमच्या-माझ्या गावच्या हरिनाम सप्ताहात घेऊ. मंडप पडलेला आहे, कर्णा लागलेला आहे. काकड्यापासून जागरापर्यंत गावाची घडी त्याच्यावर चालते. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. चार मोठ्या कढया चुलवणावर, बुंदीचा घाणा, वांग्या-बटाट्याची भाजी, मोठमोठ्या परातींत भात. फावड्यासारख्या झाऱ्यानं भाजी ढवळणारी पोरं घामाघूम आहेत आणि त्यांच्यासारखी सुखी माणसं त्या दिवशी गावात नाहीत. कर्ण्यावरून अन्नदात्यांची यादी वाचली जाते. अमुक पाटील, दोन पोती गहू. तमुक शेठ, तेलाचे पाच डबे. आता यादी संपेपर्यंत ऐका आणि त्यात बौद्धवाड्यातलं, मातंगवाड्यातलं नाव येतं का पाहा. काही गावांत येतं. त्या गावांना माझा दंडवत. पुष्कळ गावांत येत नाही, आणि कारण विचारलं तर सांगतात, त्यांच्याकडून आम्ही वर्गणीच घेत नाही, गरीब माणसं, त्यांच्यावर बोजा नको.

बोजा नको! शेतमजुरीवर जगणारा माळी वर्गणी देतो, अर्धा एकरवाला धनगर देतो, त्यांच्यावर बोजा होत नाही. वर्गणी घेतली की माणूस अन्नदाता होतो. मग त्याचं नाव वाचावं लागतं, त्याला सप्ताह कमिटीत बसवावं लागतं, पुढच्या वर्षी कीर्तनकार कोण यावर त्याचं मत घ्यावं लागतं आणि कढईपाशी त्याचं पोरगं झारा घेऊन उभं राहतं. जेवायला या म्हणणं सोपं आहे. वाढायला या म्हणून बघा. वाढप्याची जात हा आजही कित्येक गावांत न बोललेला नियम आहे, आणि तो मोडायला ना आमदार लागतो, ना कोर्ट. कमिटीच्या एका बैठकीत मोडता येतो. बौद्धवाड्यातल्या माणसांना सप्ताहात यायचंच नसेल, त्यांचा धर्म आता वेगळा असेल, तर त्यांचा मान राखावा आणि त्यांच्या भीमजयंतीला गावानं वर्गणी घेऊन जावं. स्मशानाचंही असंच. पाऊस लागला की शेडखाली कोणाचं प्रेत जळेल आणि कोणाचं ताडपत्री धरून, हे ज्या गावात ठरलेलं आहे त्या गावानं सप्ताहाचा पंचविसावा वाढदिवस साजरा करण्याआधी ते शेड सगळ्यांचं करावं.

बायकांविषयी एकच सांगतो. वारीत निम्म्याहून कमी नसतील इतक्या बायका चालतात. शौचालयांची गाडी दिंडीबरोबर येऊ लागण्याआधी त्या उजाडायच्या आत, अंधारात, रस्त्याच्या कडेला जायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या. २०१५ पासून ‘निर्मल वारी’त फिरती शौचालयं आली, स्वयंसेवक उभे राहिले, मार्गावरच्या गावांना महिनाभर येणारा वास कमी झाला. ज्यांनी हे केलं त्यांनी विठ्ठलाची थोर सेवा केली. त्या शौचालयांच्या टाक्या रिकाम्या कोण करतं, हे विचारणं पुढचं पाऊल.

आता फडकऱ्यांना आणि दिंडीप्रमुखांना हात जोडून एक मागणं. सप्ताहात विण्याचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तासांनी माणूस बदलतो, मध्यरात्रीची पाळी आली तरी कोणी कुरकुरत नाही, उलट ती मागून घेतात. तसाच खराट्याचा पहारा लावा. दिंडीत पाळी ठरवा, विणेकऱ्याची पाळी, मृदंगवाल्याची पाळी, महाराजांची पाळी. आपल्या मुक्कामाची जागा आपण झाडून पुढच्या गावाला निघायचं. एकादशीनंतर पालख्या लगेच निघत नाहीत, गोपाळपूरच्या काल्यापर्यंत पंढरपुरात राहतात. द्वादशी ते पौर्णिमा हे दिवस हाताशी आहेत. त्या दिवसांत हजारो माळकऱ्यांच्या हातात खराटा दिसला तर खराट्याची जात पुसायला सुरुवात होईल. मैल्याचं काम मात्र हौसेनं करायचं नाही आणि माणसाच्या हातानं कोणीच करायचं नाही. तिथे यंत्रच हवं, आणि ते यंत्र चालवणाऱ्याला कायम पगार.

यावर कोणी म्हणेल, आम्ही भजन करायला आलो, नगरपालिकेचं काम आम्ही का करावं? महाराज, नगरपालिकेचं काम नगरपालिकेनंच करावं, पण ते कोणाकडून आणि कोणत्या अटींवर करून घेतलं जातं हे विचारायचं काम भाविकाचं आहे. घाण भाविकाची आहे. २०२४ साली राज्य सरकारनं दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये दिले. सरकारचे पैसे घेताना आपण नागरिक असतो, तर हिशेब विचारतानाही असायला हवं.

म्हणून या वर्षी फडाच्या बैठकीत एवढं एक काम वाटून द्या. वारीच्या सफाईच्या निविदा आषाढाच्या आधी निघतात. फडातल्या दोन लिहित्यावाचत्या माळकऱ्यांनी नगरपालिकेत जाऊन त्यांची प्रत मागावी. जादा कामगार किती, रोज किती, रोज हातात मिळतो की खात्यावर, मोजे आणि गमबूट कोणत्या तारखेला वाटणार, मलटाकीचं काम यंत्रानं होणार असं करारात लिहिलंय का, रात्रपाळीच्या बायकांना घरी सोडायला गाडी आहे का, भविष्य निर्वाह निधीची रक्कम भरल्याच्या पावत्या आहेत का. उत्तरं लेखी घ्यावीत आणि दशमीला मुक्कामावर, हरिपाठ झाला की, सगळ्या दिंडीला मोठ्यानं वाचून दाखवावीत.